तुकडा तपासायला पाठवलाय

परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या फाटकाशी सकाळी उभं राहिलं, की आत जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या पिशवीत फाइलबरोबर एखादी छोटी डबी किंवा जाड पाकीट दिसतं. त्यात काचेच्या पट्ट्या असतात आणि मेणाचे छोटे चौकोनी ठोकळे. ‘येताना स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या’ असं त्यांना आधीच बजावलेलं असतं. कुणी बुलढाण्याहून आलेलं, कुणी थेट बिहारहून. रात्रभर गाडीत उशाशी जपलेल्या त्या ठोकळ्यात आईच्या स्तनातला, नाहीतर वडिलांच्या जिभेवरचा, तुरीच्या दाण्याएवढा तुकडा असतो. आई शेजारीच कठड्यावर बसून चहा पितेय, आणि तिचाच एक कण पोराच्या पिशवीत आहे.

आपल्या घरांत यासाठी एक ठरलेलं वाक्य आहे: ‘तुकडा तपासायला पाठवलाय.’ ते म्हणताना आवाज आपोआप उतरतो. रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागतात आणि तेवढे दिवस घरातला टीव्हीसुद्धा हळू आवाजात चालतो. रक्त सकाळी दिलं तर संध्याकाळी आकडे हातात येतात, मग या तुकड्यालाच एवढा वेळ का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला होता. एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने ‘ये, दिवसभर बस, फक्त कशाला हात लावू नकोस’ म्हणून बोलावलं, तेव्हा त्या दिवसांचा हिशेब लागला. तुकड्याला आधी कुजणं थांबवायचं असतं, मग अंगातलं पाणी सोडायचं असतं, मग मेण प्यायचं असतं, मग चिरून आणि रंगून घ्यायचं असतं. एवढं झाल्यावर तो बोलतो.

शरीरातून सुटलेला तुकडा स्वस्थ बसत नाही. रक्त तुटलं, की पेशींमधली पाचक द्रव्यं त्या पेशींनाच खायला लागतात. म्हणून तो निघाल्या निघाल्या फॉर्मॅलिनच्या बरणीत जातो. या वापराचा शोध ज्या तऱ्हेने लागला ती मला फार आवडते. १८९३ साली फ्रँकफुर्टमध्ये फर्डिनांड ब्लुम नावाचा डॉक्टर फॉर्माल्डिहाइड जंतू मारण्यात किती पटाईत आहे, हे तपासत होता. काम करता करता त्याच्या लक्षात आलं, की आपल्याच बोटांची कातडी कडक झालीय. तुम्ही-आम्ही हात धुऊन खोबरेल लावलं असतं. ब्लुमने ओळखलं, की बोटांची कातडी जशी आवळली तशी शरीरातली कुठलीही ऊती या द्रवात आवळून टिकेल. फॉर्माल्डिहाइड शेजारशेजारच्या प्रथिनांचे हात एकमेकांत गुंतवून टाकतं. मुलांच्या खेळात ‘स्टॅच्यू’ म्हटल्यावर होतं तसं: जी पेशी जिथे जशी होती, ती तिथेच तशीच.

हे औषध आत झिरपतं मात्र गोगलगायीसारखं, तासाला साधारण मिलिमीटरभर. काढलेला अख्खा स्तन नुसता बरणीत बुडवून ठेवला तर बाहेरून टिकेल आणि आतून सडेल. म्हणून पॅथॉलॉजिस्ट तो आधी मोजते, वजन करते, बोटांनी चाचपते, काप घालते. त्याआधी मैत्रिणीने जे केलं ते पाहून मी चकितच झालो. तिने काळ्या शाईची बाटली घेतली आणि सगळ्या गोळ्याला बाहेरून शाई फासली. ‘ही सर्जनची कड,’ ती म्हणाली. पुढे याचे काप होणार, कापांचे तुकडे होणार, आणि मग बाहेरची बाजू कोणती हे कुणालाच सांगता येणार नाही. शाई मात्र शेवटपर्यंत टिकते. चार दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या पेशी त्या काळ्या रेघेला जाऊन भिडलेल्या दिसल्या, तर गाठ थोडी आत राहिली असण्याची भीती असते आणि पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. पेशी आणि शाई यांत अंतर असेल तर सुटलो. ‘मार्जिन निगेटिव्ह’ या दोन शब्दांवर घराघरांत पेढे वाटले गेलेत, त्यांच्या मुळाशी ही शाई आहे.

निवडलेले तुकडे जाळीच्या चिमुकल्या प्लास्टिकच्या डब्यांत जातात आणि प्रत्येक डबीवर क्रमांक पडतो. तो शिसपेन्सिलीने लिहिलेला! पेनाची शाई पुढच्या रसायनांत विरघळून जाते, शिशाला काही होत नाही. लाखो रुपयांच्या यंत्रांनी भरलेल्या त्या खोलीत कोणता तुकडा कोणत्या माणसाचा, हे पेन्सिलीच्या टोकावर तोललेलं होतं.

मग रात्रभराचा प्रवास. कोवळ्या ऊतीला पातळ चिरता येत नाही, लोण्याला सुरी लावावी तसं होतं, म्हणून तिच्यात मेण भरायचं. पण ऊतीत पाणी, आणि पाण्याचं मेणाशी पटत नाही. तेव्हा मध्यस्थ घालतात. पाण्याला अल्कोहोल बाहेर काढतं, अल्कोहोलला झायलीन बाहेर काढतं, आणि झायलीनच्या जागी साठ अंशांच्या आसपास वितळलेलं पॅराफिन मेण शिरतं. सकाळी मेण थंड झालं, की ठोकळा तयार. पिशवीतून परळला येतो तो हाच.

तो मायक्रोटोमवर चढवला जातो. चाक फिरतं, ठोकळा पात्यावरून खाली उतरतो, आणि प्रत्येक फेरीला एक काप निघतो, जाडी चार मायक्रॉन. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड धरला, तर केसाच्या जाडीत असे सतरा ते वीस काप मावतील. रक्तातली तांबडी पेशी सात मायक्रॉनांची, म्हणजे या पात्याखाली तीसुद्धा अखंड राहीलच असं नाही. काप एकमेकांना चिकटून रिबिनीसारखे निघतात. तंत्रज्ञ ती रिबीन कोमट पाण्यावर सोडतो, तिच्या सुरकुत्या आपोआप उलगडतात, आणि मग दुधावरची साय अलगद उचलावी तशी तो ती काचेवर घेतो. हे काम करणाऱ्यांचं नाव रिपोर्टाखाली छापत नाहीत. माझ्या मते छापायला हवं.

काचेवर आलेलं काय दिसतं? जवळजवळ काहीच नाही, श्वासाची वाफ धरल्यासारखा डाग. पेशींना स्वतःचा रंग नसतोच म्हणा ना. पुस्तकांत आणि इंटरनेटवर जी जांभळी-गुलाबी चित्रं आपण पाहतो, त्यातला सगळा रंग उसना आहे.

जांभळा आला झाडापासून. मेक्सिकोतल्या कांपेचे भागात लॉगवुड नावाचं झाड उगवतं. त्याच्या लाकडाच्या गाभ्यातून हिमॅटॉक्सिलिन निघतं. युरोपातले रंगारी शतकानुशतकं या लाकडाने कापड रंगवत होते. या झाडाचं आपल्याकडचं चुलतभावंड म्हणजे पतंग, लाल रंगासाठी नि औषधासाठी वापरतात ते लाकूड. पतंगातलं ब्राझिलिन आणि हिमॅटॉक्सिलिन यांच्या रेणूंत फरक ऑक्सिजनच्या एका अणूचा. नुसतं हिमॅटॉक्सिलिन पेशीवर चढत नाही. कापडावर रंग बसायला रंगारी जे वापरतात तेच इथेही लागतं: तुरटी. तुरटीतलं ॲल्युमिनियम रंगाला धनभार देतं, केंद्रकातल्या डीएनएवर ऋणभार असतो, आणि रंग नेमका केंद्रकाला जाऊन बिलगतो. सुरुवातीला तो तांबूस असतो. काच नळाखाली धरली, की पाण्यातल्या क्षारांनी तो निळा होतो. ज्या गावच्या नळाच्या पाण्याला हे जमत नाही तिथल्यांसाठी ‘नळाच्या पाण्याचा पर्याय’ अशा नावाचं द्रावण चक्क वापरात आहे.

गुलाबी इओसिन कारखान्यातलं. हाइनरिश कारो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८७४ मध्ये बनवलं, आणि लहानपणीच्या एका मैत्रिणीच्या ‘इओस’ या लाडक्या नावावरून त्याला नाव दिलं, असं सांगतात. इओस ही ग्रीकांची पहाटेची देवता. शब्दाच्या मुळाशी गेलं तर ती आपली उषाच, दोन्ही नावं एकाच प्राचीन धातूतून आलीत. १८७६ च्या सुमारास हे दोन रंग एकत्र वापरायला सुरुवात झाली आणि आज दीडशे वर्षांनंतरही जगभरच्या बहुतेक स्लाइड याच जोडीने रंगतात. लाकडाचा काढा आणि तुरटी. जनुकं वाचणाऱ्या यंत्रांच्या काळातही कर्करोगाचं निदान बहुधा इथूनच सुरू होतं.

‘आता बघ,’ मैत्रीण म्हणाली. तिच्या सूक्ष्मदर्शकाला दोन माणसांना एकदम पाहता येईल अशा, डोळे लावायच्या भिंगांच्या दोन जोड्या होत्या. मी लगेच सर्वांत मोठं भिंग लावायला सांगितलं. तिने उलट स्लाइडच काढली आणि नुसत्या डोळ्यांनी उजेडासमोर धरली. मग सर्वांत लहान भिंग. ‘नवखे सगळे पेशीत डोकं खुपसतात. आधी पोत बघायचा.’

पोत! कापडाचा शब्द. आणि मग मला ऊती हा शब्दच नव्याने दिसला. संस्कृतात ‘ऊत’ म्हणजे विणलेलं. आपण ‘ओतप्रोत’ म्हणतो त्यात हीच उभी-आडवी वीण आहे. इंग्रजी टिश्यू मूळच्या फ्रेंच शब्दातून आला, त्याचाही अर्थ विणलेलं. ऊतीशास्त्राच्या पाश्चात्त्य नावातला ग्रीक ‘हिस्टोस’ म्हणजे माग. फ्रान्समधल्या झाव्हिए बिशाने अठराव्या शतकाच्या शेवटी एकवीस प्रकारच्या ऊती वेगळ्या करून सांगितल्या, आणि त्याही सूक्ष्मदर्शकाला हात न लावता. त्या यंत्रावर त्याचा विश्वास नव्हता. तो प्रेतं चिरायचा, ऊती वाळवायचा, उकळायचा, कुजवायचा. १८०२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी तो वारला. अवयव निरनिराळे असले तरी कापड ठरावीक जातींचं आहे आणि आजार कापडाला होतो, हे त्याला नुसत्या हातांनी कळलं होतं.

तिने मोठ्या आतड्याची स्लाइड लावली. निरोगी आतड्याच्या अस्तरात परीक्षानळ्या ओळीने उभ्या कराव्यात तशा ग्रंथी असतात. पण काप सरळ गेला तरच नळ्या दिसतात, आडवा गेला तर त्याच ग्रंथींच्या जागी गोल कडी दिसतात. अळूवडीचा उंडा कापला, की प्रत्येक वडीवर चक्री येते, आणि ज्याने उंडा पाहिलेला नाही त्याला वाटेल आत गोगलगाईच भरल्या आहेत. पॅथॉलॉजिस्टला आयुष्यभर नुसत्या वड्या मिळतात आणि उंडा मनात उभा करावा लागतो. तीन मिलिमीटर जाड तुकड्याच्या चार मायक्रॉनी चकत्या केल्या तर साडेसातशे होतील. पाहिली जाते त्यातली एक, कधी दोन-तीन.

आता विभाजन पावणारी एखादी पेशी दिसली तर घाबरायचं का? आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, तेव्हा नळीच्या तळाशी पेशी दुभंगताना दिसणं हे तब्येतीचं लक्षण. तीच पेशी तशाच अवस्थेत वरच्या तोंडाशी दिसली, की मैत्रीण पुढे वाकते. दुसऱ्याच्या हद्दीत घुसणं हे तर कर्करोगाचं खास लक्षण, पण गर्भाची वार काय करते? तिच्या पेशी आईच्या गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, तिथल्या रक्तवाहिन्या ताब्यात घेतात. ते झालं नाही तर मूल वाढणार नाही. एकट्या पेशीचा फोटो काढून ‘ही वाईट’ असं बऱ्याचदा म्हणताच येत नाही. ती कुठे उभी आहे, शेजारणींकडे तोंड आहे की पाठ, ओळ धरलीय की मोडलीय, यावर सगळं ठरतं. केंद्रकं फुगलेली, काळपट, एकसारखी एक नसलेली, हे पुरावे आहेतच. निकाल फिरतो तो मात्र एका पडद्यावर. अस्तराच्या पेशी मायक्रॉनहूनही पातळ अशा पापुद्र्यावर बसलेल्या असतात. कितीही बिघडलेल्या पेशी त्याच्या वर असतील तोवर त्यांच्यापाशी रक्तवाहिन्या नाहीत, म्हणजे दूर जायला रस्ता नाही. पापुद्रा फाडून दोन-चार खाली उतरल्या, की आजाराचं नाव बदलतं आणि सहसा उपचारही बदलतात. पैठणी पारखणारी बाई पदर उलटून पाहते. इथे त्या पापुद्र्याच्या कडेकडेने, इंच इंच म्हणावं तर मायक्रॉन मायक्रॉन, नजर फिरत राहते.

या लोकांनी पोतांना दिलेली नावं ऐकावीत. निरोगी कातडीच्या वरच्या थराला ते टोपलीची वीण म्हणतात. काही गाठींतल्या पेशी चटईसारख्या गुंफलेल्या दिसतात, त्या प्रकाराला लॅटिनमधल्या गवती चटईवरून नाव आहे. बर्किटचा लिम्फोमा या कर्करोगात ‘तारांकित आकाश’ दिसतं: गर्द निळ्या पेशींचं आभाळ आणि त्यात मेलेल्या पेशी गिळत बसलेल्या फिकट पेशींचे तारे. इतकं सुंदर चित्र इतक्या वेगाने वाढणाऱ्या रोगाचं असावं, हे पाहताना जरा अपराधीही वाटतं.

थायरॉइडच्या एका कर्करोगाच्या केंद्रकांना ‘ॲनीचे डोळे’ म्हणतात. अमेरिकी चित्रकथेतली ॲनी नावाची अनाथ मुलगी, तिच्या डोळ्यांत चित्रकाराने बुबुळंच काढली नव्हती. तशी ही केंद्रकं आतून रिकामी, स्वच्छ दिसतात. निदानाची ही एक मोठी खूण. गंमत अशी, की हा रिकामेपणा जिवंत पेशीत नसतो. तो फॉर्मॅलिनमुळे येतो. तीच गाठ मेणाऐवजी गोठवून कापली तर ॲनीचे डोळे दिसत नाहीत. म्हणजे डॉक्टर ज्या खुणेवरून रोग ओळखतात ती खूण रोगाइतकीच बरणीचीही आहे! मी हे ऐकून गप्प झालो. मैत्रीण हसली. ‘सगळ्यांना एकाच पद्धतीने बिघडवायचं,’ ती म्हणाली, ‘मग कोण वेगळं बिघडलं ते कळतं.’

गोठवून कापणं, ज्याला सगळे ‘फ्रोझन’ म्हणतात, त्याची सुरुवातही थंडीतली. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टरला मेयो क्लिनिकमध्ये विल्यम मेयोने १९०५ मध्ये लुईस विल्सनकडे लकडा लावला: रुग्ण टेबलावर आहे तोवरच गाठ कसली ते सांगता येईल असं काहीतरी काढा. विल्सनने कडाक्याच्या हिवाळ्यात तुकडा खिडकीबाहेर ठेवून गोठवला, कापला आणि मिथिलिन ब्लूने रंगवला. आता त्या खिडकीची जागा उणे वीस अंशांच्या पेटीने घेतलीय आणि वीसेक मिनिटांत उत्तर शस्त्रक्रियागृहात पोचतं. बर्फाने पोत थोडा फाटतो, पण कामापुरतं दिसतं.

इकडे परळला टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकरांकडे होती. त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता लोकांच्या सवयी आणि त्यांतून होणारे भारतातले तीन नवे कर्करोग. पेटतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा, खैनीची तंबाखू-चुन्याची गोळी ओठामागे धरणाऱ्यांचा, आणि कमरेला धोतर आवळून आवळून तिथल्याच कातडीला होणारा. भिंगाखाली तिन्ही साधारण एकाच जातीचे: कातडीसारख्या पेशी खाली उतरलेल्या, आणि त्यांच्या मधोमध कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे चढलेले गुलाबी गोळे. पॅथॉलॉजिस्ट त्यांना मोती म्हणतात. चित्र एक, पण प्रत्येक चित्राची जागा माणसाच्या सवयीने ठरवलेली. स्लाइड पाहून कमरेच्या धोतरापर्यंत पोचणारी नजर मला कुठल्याही यंत्रापेक्षा थोर वाटते. तळहातावर तंबाखू मळणाऱ्या आपल्या मुलखात ते मोती आजही रोज दिसतात.

जिथे पोत पाहूनही पेच राहतो तिथे प्रतिपिंडं कामाला येतात. ससा किंवा उंदीर यांच्यापासून मिळवलेलं प्रतिपिंड एकाच प्रथिनाला शोधून चिकटतं आणि ती जागा तपकिरी होते. स्तनाच्या गाठीची केंद्रकं अशी तपकिरी झाली, तर ती गाठ इस्ट्रोजेनवर पोसतेय आणि गोळ्यांनी तिची रसद तोडता येईल असं कळतं. यासाठी पुन्हा नवा तुकडा काढावा लागत नाही. जुन्याच ठोकळ्यातून आणखी एक काप घेतात.

ठोकळा सहजी संपत नाही, ही या सगळ्यातली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट. १९१८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या लष्करी छावणीत एकवीस वर्षांचा एक सैनिक इन्फ्लुएन्झाने वारला. त्याच साथीने मुंबईतही हाहाकार माजवला होता. कुणीतरी त्याच्या फुफ्फुसाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला, मेणात बसवला आणि वॉशिंग्टनच्या लष्करी संग्रहात पाठवला. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू त्या वेळी कुणी पाहिलेलाच नव्हता, तो वेगळा काढता आला १९३३ मध्ये. १९९७ मध्ये जेफ्री टाउबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मेणातून विषाणूच्या जनुकांचे तुकडे वाचले. एकोणऐंशी वर्षं ते तिथेच होते.

मी हे भारावून मैत्रिणीला सांगत होतो तेव्हा आम्ही तिच्या ठोकळ्यांच्या खोलीत उभे होतो. भिंतभर खण, खणांत ओळीने मेणाचे चौकोन, त्यांवर पेन्सिलीचे आकडे. तिला ती गोष्ट अर्थातच ठाऊक होती. तिने एक खण ओढला, आत वाकून पाहिलं आणि मामांना हाक मारली.

‘मामा, इथे परत मुंग्या लागल्यात. पावडर आणा ना.’